फायलींची वाट आणि चोरवाट

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरांची कामे हाताने उरकण्याची पाळी तेथील कर्मचाऱ्यांवर आली. हे टर्मिनल चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील; रोग शिरला होता युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीतून. माळशेज घाटाअलीकडच्या मढला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण जुन्नर भागातला कांदा परदेशी निघतो तो बहुधा याच बंदरातून.

हा 'नॉटपेट्या' पसरला कसा? एकाच कचेरीतील संगणकांनी फायली व प्रिंटर वाटून घ्यावेत म्हणून विंडोजमध्ये 'एसएमबी' नावाची देवघेवीची पद्धत आहे. तिच्या जुन्या आवृत्तीत असा दोष होता की, दुरून धाडलेला फसवा संदेश संगणक परवलीचा शब्द न विचारताच आज्ञा म्हणून पाळी. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने याच छिद्रातून जगभर धुमाकूळ घातला, तरी अनेकांना जाग आली नाही. अर्थात केवळ दुरुस्तीने भागले नसते. नॉटपेट्या एका यंत्रावरील परवलीचे शब्द चोरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे.

म्हणून जुनी एसएमबी बंद करावी, तिचे ४४५ क्रमांकाचे द्वार इंटरनेटच्या बाजूने मिटावे आणि सर्व यंत्रांच्या व्यवस्थापकाला एकच परवलीचा शब्द ठेवू नये. यांतले पहिलेच काम आपल्या कचेऱ्यांत अडते. जुना स्कॅनर दुसरी भाषा जाणत नाही, आणि नव्याला मंजुरी मिळत नाही.