एथ्रोगचे टोक आणि खलबत्त्यातील बत्ता

सुक्कोथसाठी एथ्रोग, म्हणजे आपले महाळुंग, आणले की वडीलधारी माणसे आधी त्याचे टोक पाहतात. मुलांच्या हाती देतानाही "टोकाला धक्का लावू नका" असे बजावतात. या टोकाला हिब्रूत 'पितम' म्हणतात. ते काय आहे हे समजण्यासाठी आधी फूल पाहावे लागते.

फुलाच्या मधोमध त्याचा स्त्री-अवयव असतो. त्याचे तीन भाग आहेत : तळाशी फुगीर अंडाशय, त्यावर कुक्षीवृंत नावाची दांडी आणि टोकाला चिकट कुक्षी. कुक्षीवर परागकण पडतात, पुढे फलन होते आणि अंडाशयाचे फळ बनते.

मराठी शाळेत या अवयवाला 'स्त्रीकेसर' म्हणतात. केसर म्हणजे आयाळ, तसेच फुलातील तंतू. सिंहाला 'केसरी' म्हणतात तो आयाळीमुळेच. खिरीत घालतो ते केशरही एका फुलाच्या वाळवलेल्या कुक्षीच होत.

इथल्या शाळेत मुले याच अवयवाला 'एली' म्हणतात. एली म्हणजे बत्ता. नीतिसूत्रे २७:२२ मध्ये हा शब्द उखळाबरोबर आला आहे. इंग्रजीतील 'पिस्टिल'ही बत्त्याच्या लॅटिन नावावरूनच आला. खलबत्त्यातील बत्ता उभा धरून पाहिला की साम्य लगेच दिसते. मराठीने तंतू पाहिला, हिब्रूने बत्ता, अवयव एकच.

लिंबू, संत्रे यांच्या फुलातील कुक्षीवृंत फलनानंतर गळून जाते. काही एथ्रोगांत मात्र ते कुक्षीसह फळावर टिकते. तेच पितम. मिश्ना सुक्का ३:६ प्रमाणे पितम तुटलेला एथ्रोग चालत नाही, पण देठ निघालेला चालतो. फळ झाडावर लहान असतानाच पितम गळून गेले असेल, तर तो दोष धरत नाहीत. म्हणून पितम नसलेला प्रत्येक एथ्रोग बाद नसतो. ते केव्हा गेले, हे पाहावे लागते.

घरी करून पाहा : लिंबाचे एक फूल घ्या. पाकळ्या व पुंकेसर अलगद काढा. मध्ये उरेल ते स्त्रीकेसर. नातवंडांनी त्याच्या भागांची हिब्रू नावे सांगावी, आजी-आजोबांनी मराठी.

शब्द : स्त्रीकेसर – एली; अंडाशय – शाहला; कुक्षी – त्सलेकेत.