मोजा उलटा करून बघावा

आईच्या तळव्यांना आता फारसं कळत नाही. मधुमेह जुना आहे, पाय बधिर होत गेले. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिच्या करंगळीवर फोड आला, फुटला, मोज्याला चिकटला, तरी तिला पत्ता नव्हता. संध्याकाळी मोजा काढताना मला दिसला. मोजा उलटा केला, तर बोटांवरची शिवण सुतळीसारखी जाड आणि तिच्या टोकाला नायलॉनच्या धाग्याचा टोचरा शेंडा. तेव्हापासून आईचे मोजे मीच आणते. तिच्या पायांना जे कळत नाही, ते आधी माझ्या बोटांना कळायला हवं.

दुकानात गेल्यावर मी पहिल्यांदा मोजा उलटा करते आणि शिवणीवरून तर्जनी सावकाश फिरवते. चांगल्या मोज्याची शिवण बोटाला जवळजवळ लागत नाही. मग आत मूठ घालून टाच आणि चवडा ताणून बघते. वीण आरपार दिसू लागली, तर तो मोजा महिनाभरात विरणार. शेवटी वरची इलॅस्टिकची पट्टी. ती मनगटावर चढवते आणि पाच मिनिटं तशीच ठेवते. मनगट घोट्याहून बारीक. तिथेच वळ उठला, तर संध्याकाळी सुजणाऱ्या पायाचं काय होईल?

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘कॉटन’ असतं, पण मागची बारीक अक्षरं वाचावीत. बहुतेक मोज्यांत सुताबरोबर थोडं नायलॉन आणि इलास्टेन असतं. त्यात वावगं काही नाही. निव्वळ सुताचा मोजा सैल पडतो, चुण्या पडतात आणि चुणीनेही पाय सोलवटतो. शंका आली तर घरी एक धागा जाळून बघते. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ‘बांबूच्या’ मोज्यांना मात्र ही परीक्षा चालत नाही. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेलं ते व्हिस्कोस असतं आणि तेही सुतासारखंच जळतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2009 मध्ये असं कापड ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली होती. मोजा मऊ असतो, हे खरं. पण त्यासाठी जास्त पैसे मी मोजत नाही.

लोकर म्हटलं की आपल्याला घोंगडीची टोचणी आठवते. ती दख्खनी मेंढीची जाड लोकर. मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास, त्वचेला टेकताच वाकणारा. पायांना घाम फार येत असेल तर सुतापेक्षा ही लोकर बरी. सूत ओलं झालं की ओलंच राहतं.

धुताना मोजे उलटेच धुवावेत, घाम आणि कातडीचा कोंडा आतल्या बाजूला असतो. साबण सौम्य, पाणी गार आणि खळबळणं तीन वेळा, कारण राहिलेल्या साबणानेही नाजूक कातडीला खाज सुटते. कपडे मऊ करणारं द्रव्य मी वापरत नाही. त्याचा थर बसला की सूत घाम नीट शोषत नाही. लोकर चोळायची नाही, नुसती दाबायची. चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून बसतो. वाळत घालताना चिमटा बोटांच्या टोकाला लावावा, पट्टीला नाही. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय जोड कपाटात जात नाही. दमट मोज्याने चिखल्या होतात. म्हणून आईचे सात जोड आहेत. भोक पडलेला मोजा मी रफू करत नाही, रफूची गाठ म्हणजे पुन्हा तीच शिवण.

सगळे जोड पांढरे किंवा फिकट आहेत. रक्ताचा, पाण्याचा लहानसा डागही त्यावर लपत नाही. तुमच्या घरी कुणाचे पाय बधिर असतील, तर त्यांचे मोजे धुण्यात टाकण्याआधी रोज संध्याकाळी उलटे करून उजेडात बघा आणि डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवा.