मनोजन्य क्षुधानाश

कुमारवयात, विशेषतः मुलींमध्ये, उद्‌भवणारा व आहार हेतुपुरस्सर कमी केल्यामुळे शरीर धोकादायक प्रमाणात कृश करणारा मनोविकार. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ या वैद्यकीय संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. दोन्ही नावे काहीशी फसवी आहेत. कारण या विकारात भूक बहुधा नाहीशी झालेली नसते, ती दडपलेली असते. रुग्ण मुलगी इतरांसाठी हौसेने स्वयंपाक करते, स्वतःच्या ताटातील अन्न मात्र चिवडत बसते किंवा लपविते. वजन वाढण्याची तीव्र भीती आणि हाडकुळे झालेले अंगही स्थूल वाटणे, ही प्रमुख लक्षणे होत. भारतासह आशियातील काही रुग्ण ही भीती बोलून दाखवीत नाहीत; पोट भरल्यासारखे वाटते, असे सांगतात. उपवासाला मान असलेल्या घरात तर प्रारंभीचे उपाशी राहणे कौतुकाचाही विषय होऊ शकते.

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी क्षयावरील आपल्या १६८९ च्या लॅटिन ग्रंथात अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली आहे. तिला ताप वा खोकला नव्हता. पाळी बंद झाली होती आणि अत्यंत कृश होऊनही ती पुस्तकांत गढलेली असे. औषधे नाकारून ती अखेर मरण पावली. १८७३ मध्ये पॅरिसचे शार्ल लासेग व लंडनचे विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. रूढ संज्ञा गल यांची (१८७४). १९१४ मध्ये मॉरिस सिमंड्स यांनी पोष ग्रंथीच्या नाशामुळे येणारी कृशता वर्णिली आणि त्यानंतर बराच काळ या दोहोंची गल्लत होत राहिली.

या वर्तनास हट्ट समजणे चूक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले. ते चिडचिडे व एकलकोंडे झाले, अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. काहींनी पाककृतींची पुस्तके जमविली. म्हणजे उपासमार हीच मनाला या चाकोरीत अडकविते. म्हणून वजन सावरण्यापूर्वी केवळ समजुतीच्या गोष्टींचा फारसा उपयोग होत नाही.

नाडी मंदावते, रक्तदाब व तापमान उतरते, अंगावर बारीक लव येते, हाडे ठिसूळ होतात. वाढत्या वयात वजन प्रत्यक्ष घटलेच पाहिजे असे नाही. ते अपेक्षेप्रमाणे न वाढणे हीदेखील धोक्याची खूण असते. मनोविकारांमध्ये या विकाराचे मृत्युमान सर्वाधिक असलेल्यांपैकी असून हृदयक्रिया बंद पडणे व आत्महत्या ही त्याची मुख्य कारणे आहेत.

रुग्णाच्या शुश्रूषेस नातेवाईक अयोग्य, असे गल यांचे मत होते. शंभर वर्षांनंतर उपचाराची दिशा नेमकी उलटली. लंडनच्या मॉड्‌स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या पद्धतीत मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी प्रथम आईवडिलांवर सोपविली जाते, त्यांना दोष दिला जात नाही, आणि वजन सावरल्यावर ती टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत दिली जाते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत, एकोणिसाव्या वर्षापूर्वी जडलेल्या व तीन वर्षांहून कमी मुरलेल्या विकारात ही पद्धत विशेष गुणकारी ठरली. अतिकृश रुग्णाला मात्र घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये. दीर्घ उपासमारीनंतर आहार झपाट्याने वाढविल्यास रक्तातील फॉस्फेट अचानक घटते व हृदयक्रिया बिघडते. त्यामुळे अशा रुग्णाचा आहार रुग्णालयात, रक्ततपासणी करीत वाढवावा लागतो.