उंदराचं यकृत आणि हळदीची गोळी

गैरसमज : हळदीतल्या करक्युमिननं यकृत बरं होतं, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.

वस्तुस्थिती : झालंय ते उंदरांत, आणि कसं तेही पाहा. एकेकाळी ड्रायक्लीनिंगला वापरलं जाणारं कार्बन टेट्राक्लोराइड तेलात मिसळून उंदराला आठवड्यातून दोनदा टोचतात. यकृत ते विष फोडायला जातं आणि त्यातच त्याच्या पेशी मरतात. काही आठवड्यांत यकृतात तंतूंचं जाळं धरतं. अशा बऱ्याच प्रयोगांत करक्युमिन विषाच्या जोडीनंच, कधी त्याच्याही आधीपासून, नळीनं थेट पोटात सोडलेलं असतं. मग यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एसजीपीटी कमी चढतं, तंतू कमी दिसतात. निकाल खोटा नाही, पण हा बचाव झाला. बिघडलेलं यकृत दुरुस्त केलं असं नव्हे. माणसाचं यकृत दारूनं किंवा चरबीनं वर्षानुवर्षं बिघडत असतं, आणि तो डॉक्टरकडे जातो तेव्हा बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

गैरसमज : मग भाजीत हळद जरा जास्त घालू.

वस्तुस्थिती : उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम करक्युमिन दिलं, तर प्राण्याच्या मात्रेवरून माणसाची मात्रा काढायच्या नेहमीच्या सूत्रानुसार ६० किलोच्या माणसाला सुमारे दोन ग्रॅम लागेल. हळदीत ते साधारण तीनच टक्के असतं. म्हणजे रोज पासष्ट ग्रॅम हळद! खाऊन दाखवा.

गैरसमज : म्हणूनच तर मिऱ्याचा अर्क घातलेली गोळी घ्यायची. नैसर्गिकच आहे, अपाय कसला?

वस्तुस्थिती : मिऱ्यातल्या पिपरीननं माणसात करक्युमिनचं शोषण २००० टक्के वाढलं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलं. जाहिरातदार एवढंच सांगतात. पण औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांचा मागोवा घेणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. त्यांतला एक यकृत निकामी होऊन दगावला. सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला. तो आपल्यात आहे की नाही, हे गोळी घेणाऱ्याला सहसा माहीत नसतं. इटलीत असे रुग्ण आढळल्यावर तिथल्या आरोग्य मंत्रालयानं या गोळ्यांवर इशारा छापणं बंधनकारक केलं.

फोडणीतल्या हळदीला कुणी नावं ठेवत नाही. पण गोळी सुरू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा जेवणावरची वासना उडाली, तर गोळी तिथंच थांबवा आणि डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्या.