पेन्शनीत निघालेला माणूस

सरकारी नोकर 58 व्या वर्षी पेन्शनीत निघतो. गुरुजी असोत, तलाठी असो, कचेरीतला कारकून असो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी नोकरी संपते. शिपायाला दोन वर्षं जास्त, तो 60 व्या वर्षी सुटतो. हार घालतात. शाल आणि नारळ देतात. चार भाषणं होतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो माणूस घरातच असतो.

इथून पुढचं कोणी भाषणात सांगत नाही. ते आम्ही सांगतो.

हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जुनी माणसं त्याला वाढोणा म्हणतात. पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. 1948 साली सप्टेंबरात ते राज्य भारतात आलं. निजामाच्या कचेरीत कारभार उर्दूत चाले आणि पेन्शनीला 'वजीफा' म्हणत. वजीफा गेला, पेन्शन आली. दुपारी ओसरीवर बसून करायचं काय, हा प्रश्न तेवढा राहिला.

अशा गावातले एक गुरुजी डोळ्यांपुढे आणा. 35 वर्षं त्यांनी शाळा केली. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. आता घंटा नाही, हजेरी नाही. मग गुरुजी काय करतात? घराचीच शाळा करतात. नातवंडांना ओळीनं बसवतात. तेलाची बाटली उजेडाला धरून पाहतात. सुनेला विचारतात, "आज वरण पातळ कामून झालं?" दर घटकेला चहा मागतात.

शेवटी बायको म्हणते, "अहो, स्टेशनाकडं तरी जाऊन या."

"मला कुणाला आणायचं नाही, कुणाला पोचवायचं नाही. कशाला जाऊ?"

"म्हणून तर म्हणते. कामानं गेलात तर लगेच परत याल."

हसू येतं ना? आता बाईच्या बाजूनं पाहा. ती पहाटे पाचला उठते. कालही उठत होती, उद्याही उठणार. चुलीपुढून तिला शाल-नारळ देऊन कोणी उठवत नाही. उलट, नवरा पेन्शनीत निघाला की तिचं काम वाढतं. दुपारचा एक ताट वाढतो, चहाचे चार कप वाढतात, भेटायला येणारे वाढतात. शेतकऱ्याचं तरी दुसरं काय? सत्तरीतला म्हाताराही कापसाला पाणी झालं का, हे बघायला जातोच. पण तो निदान दिवसभर घराबाहेर असतो!

यावर आमच्या मते एकच उपाय. पेन्शनवाल्यानं घरातलं एक काम कायमचं अंगावर घ्यावं. दळण आणणं घ्या, पाणी भरणं घ्या, भाजी आणून निवडून देणं घ्या. पण घेतलं ते पुरं करावं. अर्धी मेथी निवडून पेपर वाचायला उठू नये. आणि सल्ला देणं हे काम धरू नये.

आता पैशाचं बोलू. इथं हसण्यासारखं थोडंच आहे.

निवृत्तीच्या वेळी काही रक्कम एकदम हाती येते. तिच्यातला एक भाग म्हणजे विकलेली पेन्शन. समजा, पेन्शन महिना 20,000 रुपये बसली. तिच्यातला शेकडा चाळीस हिस्सा, म्हणजे 8,000 पर्यंत, विकता येतो. त्याचे पैसे आधी एकदम मिळतात. पण मग 15 वर्षं दरमहा 8,000 कापले जातात. महागाई भत्ता सोडला तर हाती उरतात 12,000. म्हणजे ते पैसे बक्षीस नव्हेत, आपलेच पुढचे पैसे आधी उचललेले. हे पाहुण्यांना ठाऊक नसतं. कुणाला जीप घ्यायची असते, कुणाची बोअर पाडायची असते. सगळ्यांना गुरुजींची आठवण एकाच आठवड्यात येते.

घर आणि शेत लेकरांच्या नावावर करण्याचीही अशीच घाई होते. करायचंच असेल तर कागदात लिहून घ्या, की आम्हा दोघांना अन्न, वस्त्र, औषधपाणी द्यायचं. 2007 साली म्हाताऱ्या आईबापांसाठी कायदा झाला आहे. अशी अट घालून दिलेली मिळकत घेऊन लेक सांभाळत नसेल, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तो कागद रद्द होऊ शकतो. अट नुसती तोंडी असली तर भांडण अवघड जातं.

दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनवाल्याला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. समोर माणूस उभा असला तरी कागद लागतोच. 2014 पासून यंत्रावर अंगठा टेकवूनही हे काम होतं. त्या दिवशी बायकोला बरोबर न्यावं. बँक कुठली, पासबुक कुठं ठेवलं, पेन्शनीच्या हुकुमात आपलं नाव नीट लिहिलं आहे का, हे तिला कळू द्यावं. नवऱ्याच्या मागं कुटुंब पेन्शन तिला मिळते. पण कागद पेटीत आहेत की माळ्यावर, हे ज्याला ठाऊक होतं तोच गेलेला असतो. मग ती बाई दुःख करील, की कागद शोधील?

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांनी तहसील कचेरीत श्रावणबाळ योजनेची चौकशी करावी. वय 65 पुरं लागतं, उत्पन्नाचीही अट आहे. 2023 साली तिची रक्कम महिना 1,000 वरून 1,500 रुपये झाली. बाईलाही आपल्या नावानं अर्ज करता येतो, आणि पैसे तिच्याच खात्यात येतात. मग एखाद्या घरात म्हातारी पासबुक उशाला घेऊन झोपते आणि म्हातारा तंबाखूला पैसे मागायला तिच्याकडे जातो. ती आधी विचारते, "दळण आणलं का?"