माशाने काय खाल्लं होतं?

आठवडाभर नाशिकच्या ऑफिसात डबा आणि कटिंग. रविवारी मात्र ओझरच्या बाजारातून मासा आणायचा, हा आमच्या घरचा कायदा! समुद्र लांब, त्यामुळे पाटीत बहुतेक रोहू, कटला नाहीतर पंगस. कल्ले लाल हवेत, डोळे चमकते हवेत, एवढं आईने शिकवलंय. त्या दिवशी सहज विचारलं, "मावशी, हा तळ्यातला ना? याला खायला काय घालतात?"

"पेंड, गोळ्या असं कायतरी असंल बाबा. मी इकते, पाळत नाय!"

प्रश्न डोक्यात राहिला. घरी येऊन वाचत बसलो.

रोहू-कटल्याला बरेचदा कोंडा-पेंड चालते. पंगसला बहुधा तयार गोळ्या. अशा गोळ्यांत फिशमील, म्हणजे वाळवलेल्या माशांचा भुगा असू शकतो. दिवाळीचा चिवडा खवट होतो ना, तशीच त्यातली चरबीही खवटते. शिवाय ढिगात तापून हा भुगा आपोआप पेटूही शकतो! म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालतात. कित्येक दशकं त्यातलं लाडकं नाव होतं इथॉक्सिक्विन.

अँटिऑक्सिडंट म्हटलं की आपल्याला ग्रीन टी आठवतो. पण हे प्रकरण वेगळं आहे. चरबी वाचवताना हे रसायन स्वतः बदलतं, माशाच्या अंगातही बदलतं. पाळलेल्या सामन माशाच्या मांसात मूळ रसायनापेक्षा त्याचा डायमर, म्हणजे दोन रेणूंची जोडगोळी, जास्त सापडला. फक्त मूळ रसायन शोधणारी टेस्ट अर्धीच गोष्ट सांगते.

२०१२ मध्ये जपानने भारतीय कोळंबीत इथॉक्सिक्विन तपासायला सुरुवात केली. मर्यादा ०.०१ पीपीएम! माल अडकला, निर्यातदारांची झोप उडाली. २०१४ मध्ये जपानने ही मर्यादा ०.२ केली. युरोपने मात्र २०१७ मध्ये खाद्यातली परवानगी स्थगित केली. सुरक्षिततेचा पुरावा अपुरा होता आणि त्यातल्या पी-फेनेटिडिन या अशुद्धीमुळे जनुकांना इजा होण्याची शंका होती.

म्हणून मासा सोडायचा? छे! शंका म्हणजे विष नव्हे. मी त्या रविवारी दोन तुकड्या जास्तच खाल्ल्या. पण जपानी गिऱ्हाईकाने विचारलं, म्हणून हा प्रश्न आपल्या कोळंबीच्या तळ्यापर्यंत पोचला. आपण कल्ले बघतो, भाव करतो आणि पिशवी उचलतो.

पुढच्या रविवारी मावशीच म्हणाल्या, "तुझं ते खाण्याचं गाडीवाल्याला इचारलं रे. तो म्हनला, आजवर कोनी इचारलंच नाय."