अस्वलाच्या फोटोची मागची बाजू

बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही कागद हातात आला की तो आधी उलटा करून पाहायचा. चेकची दर्शनी बाजू सगळेच पाहतात. रक्कम, तारीख, सही. पण तो कुणाकुणाच्या हातांतून फिरून आला, हे पाठीवर कळतं. नोकरी संपली, आता मी कादंबऱ्या लिहितो; पण खोड काही गेली नाही. लग्नपत्रिकासुद्धा मी आधी मागून वाचतो, असं आमच्या घरात म्हणतात.

गेली काही वर्षं मी पांढऱ्या अस्वलांचे फोटो असेच उलटे करून पाहतो आहे. त्याला कारण झालं एक मरणपंथाला लागलेलं अस्वल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या उत्तरेला सॉमरसेट बेटावर पॉल निकलन आणि क्रिस्टिना मिटरमायर या छायाचित्रकारांना ते दिसलं. कातडं हाडांवरून लोंबतंय, मागचे पाय जेमतेम उचलले जाताहेत, आणि कचऱ्याच्या पिंपात ते काही खायला मिळतं का हे शोधतंय. डिसेंबरात ती चित्रफीत जगभर गेली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने तिच्यावर ओळ घातली की, हवामानबदल दिसतो तो असा. ही दृश्यं अडीच अब्ज लोकांपर्यंत पोचली असा अंदाज होता. माझ्याकडेही ती आली. पाहून दोन घास कमी जेवलो, हे खरं.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ च्या अंकात, मिटरमायर यांनीच लिहिलं की, हे अस्वल हवामानबदलामुळेच उपाशी होतं असं त्यांना सांगता येणार नाही. ते आजारी असेल, जखमी असेल, म्हातारं असेल. ती ओळ घालताना आपण फार पुढे गेलो, हे नियतकालिकानेही मान्य केलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचर अस्सल होतं, त्यावरचा तपशील चुकीचा पडला होता.

त्याआधीचा एक प्रकार याहून गमतीचा आहे. मे २०१० मध्ये ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात २५५ शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं. विषय होता हवामानशास्त्राची सचोटी. सोबत बर्फाच्या एकुलत्या एका तुकड्यावर उभ्या असलेल्या अस्वलाचं चित्र छापलं होतं, आणि ते संगणकावर जोडकाम करून बनवलेलं निघालं! शास्त्रज्ञांचा त्यात काही दोष नव्हता, चित्र संपादकीय खात्याने निवडलं होतं. नियतकालिकाने ते बदललं. पण ज्यांना पत्रातलं म्हणणं नको होतं त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

माझी काळजी नेमकी इथे आहे. खोटं किंवा चुकीचं व्हाउचर सापडलं की आम्ही ते लाल शाईने रद्द करायचो. म्हणून कुणी सगळं लेजर जाळायला काढत नसे. अस्वलाच्या बाबतीत मात्र लोक तेच करतात. एक फोटो चुकीचा ठरला की म्हणतात, बघा, सगळंच थोतांड. आणि लेजर तर बाजूलाच उघडं पडलेलं असतं, कुणी पान उलटत नाही.

हे लेजर फार सोपं आहे. पांढरं अस्वल सील खाऊन जगतं, आणि सील पकडायला त्याला समुद्रावर गोठलेला बर्फ लागतो. हिवाळ्यात आणि वसंतात ते अंगावर चरबी साठवतं. ही त्याची ठेव. हडसन उपसागरातला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो, तेव्हा अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरात समुद्र पुन्हा गोठेपर्यंत त्या ठेवीवर दिवस काढतात. गाभण मादीला तर सुमारे आठ महिने असे काढावे लागतात. १९८० च्या सुमाराशी तुलना केली, तर उपसागराच्या पश्चिम भागात हा बिनबर्फाचा काळ तीन-चार आठवड्यांनी वाढला आहे. म्हणजे ठेवी भरायचा हंगाम आखूड, आणि काढायचा लांब. १९८७ मध्ये तिथे सुमारे १२०० अस्वलं होती. २०१६ च्या हवाई मोजणीत ८४२ निघाली, २०२१ मध्ये ६१८. त्यातली काही शेजारच्या भागात सरकली असावीत, असंही अभ्यासक सांगतात. जगभरातल्या अंदाजे २६ हजार अस्वलांच्या सगळ्याच गटांना अशी उतरती कळा लागलेली नाही. काही गट स्थिर आहेत, काहींची धड मोजणीच झालेली नाही. हिशेब मांडायचा तर हेही त्यात यायला हवं.

ही अस्वलं मी एकदा डोळ्यांनी पाहिली. मुलगी-जावई टोरांटोला असतात. एका नोव्हेंबरात जावयांनी हौसेने मला मॅनिटोबातल्या चर्चिल गावी नेलं. सुमारे नऊशे वस्तीचं गाव, तिथे जायला रस्ताच नाही. रेल्वेने जा नाहीतर विमानाने. समुद्र गोठण्याची वाट पाहत अस्वलं या किनाऱ्यावर जमतात. वाटेत गाठ पडलीच तर आत शिरता यावं, म्हणून लोक मोटारींना कुलूप लावत नाहीत. गावात घुसणाऱ्या अस्वलांसाठी चक्क तुरुंग आहे. पर्यटकांना पुरुषभर उंचीच्या चाकांच्या प्रचंड गाडीत बसवून टुंड्रावर नेतात, आणि खाली पाय ठेवू देत नाहीत.

फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही, हे तिथे कळलं. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक बिचारं जगातली प्रत्येक वस्तू करडी आहे असं धरून चालतं. त्यामुळे बर्फ राखेसारखा येतो, आणि मुद्दाम जास्त उजेड द्यावा लागतो. थंडीने बॅटरी मान टाकते. दुसरी अंगरख्याच्या आत, छातीशी धरून ठेवायची. आपल्याच श्वासाने काच धुरकटते. कॅमेरा गाडीच्या उबेत आणण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा, नाहीतर त्याला घाम फुटतो. आणि पांढरं अस्वल काही पांढरं नसतं. बर्फासमोर ते जुन्या लोण्याच्या रंगाचं दिसतं. केस मुळात बिनरंगी, कातडी काळी.

आमच्या वाट्याला आलेलं अस्वल झोपलेलं होतं. अर्धा तास झाला, तास झाला, ते काही हलेना. इतके पैसे मोजून आलेली मंडळी चुळबुळू लागली. एकाने गाडीच्या कठड्यावर थाप मारली, शीळ घातली. चालक तरुण मुलगाच होता. तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, पुन्हा आवाज केलात तर मी गाडी परत फिरवीन. ते झोपलेलं नाहीये, ते बचत करतंय.’’ बत्तीस वर्षांत बचतीची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. अस्वलाला उठवून आपण जो फोटो काढणार, त्याचे पैसे अस्वलाच्या ठेवीतून जाणार. धावायला लागलं तर त्याचं जाड कातडं आणि चरबी त्यालाच तापवते. खर्च आणखी वाढतो.

किती वाढतो, हे पाहायला अभ्यासकांनी कॅमेरा अस्वलाच्याच गळ्यात बांधला. २०१९ ते २०२२ या काळात याच किनाऱ्यावर वीस अस्वलांना त्यांनी कॅमेऱ्याचे पट्टे घातले. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चित्रं कुठल्या प्रदर्शनात लागणार नाहीत. हनुवटीचे केस, चिखल, बोरांची झुडपं, एखादा मेलेला पक्षी. काही अस्वलं पडून राहिली, काही वणवण हिंडली, काही लांब पोहून आली. पण तराजूत घातल्यावर वीसपैकी एकोणीस जणांचं वजन घटलं होतं, सरासरी दिवसाला एक किलो. पडून राहा की वणवण करा, जमिनीवर जमाखर्चाचा मेळ बसत नाही. सॉमरसेट बेटावरच्या अस्वलाला जे सिद्ध करता आलं नाही, ते या कंटाळवाण्या चित्रांनी केलं. ते पाहून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसेल, एवढंच.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात आता अंतराचा कायदा झाला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. हा माद्या पिल्लांना घेऊन फिरण्याचा आणि सीलच्या शिकारीचा, म्हणजे ठेवी भरण्याचा हंगाम. याच द्वीपसमूहात न्यू-ओलेसुंड इथे आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून आहे, गोव्याच्या वास्कोमधल्या ध्रुवीय संशोधन संस्थेचं. तिथे जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही अस्वलाच्या मुलखातली शिस्त पाळावीच लागते.

तीनशे मीटर म्हणजे आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलची लांबी. एवढ्या अंतरावरून कसले फोटो काढणार, अशी कुरकुर काही छायाचित्रकारांनी केली. त्यांची अडचण मी समजू शकतो. अस्वलाचे डोळे टिपले की पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं, आणि त्यातून चार माणसं जागी होतात. निमा सारिखानी या हौशी छायाचित्रकाराचा स्वालबार्डच्या परिसरात टिपलेला फोटो आठवतो. लहानशा हिमखंडावर बिछाना कोरून झोपलेलं तरुण अस्वल. २०२४ मध्ये लोकांनी मतं देऊन त्याला गौरवलं. दाट धुक्यात तीन दिवस शोध घेतल्यावर त्यांना अस्वलं दिसली होती. त्या अस्वलाकडून त्यांना काहीही नको होतं, ते झोपलं एवढं पुरे होतं.

मला वाटतं, लांबून काढलेल्या फोटोत एक गोष्ट जास्तीची येते. अस्वल ठिपक्याएवढं होतं, पण आजूबाजूला बर्फ किती आहे, पाणी किती आहे, ते दिसतं. जवळून नुसता खातेदार दिसतो, लांबून त्याची शिल्लकही दिसते.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या फोनवर असं एखादं अस्वल येईल, तेव्हा पुढे पाठवण्याआधी जरा उलटं करून पाहा. कुठलं आहे, कोणत्या महिन्यातलं आहे, किती अंतरावरून घेतलं आहे, आणि खालची ओळ कुणी लिहिली आहे. ही चार उत्तरं मिळाली तर खुशाल पाठवा. नाही मिळाली, तर निदान त्या ओळीवर सही करू नका.